नव्वदीची पोर

मुलांची कादंबरी हाती दिसली की ‘नातवासाठी आणली’ म्हणणारी मंडळी मला ठाऊक आहेत. मी मात्र डायना विन जोन्स या इंग्रज लेखिकेची ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ (१९८६) खुशाल चारचौघांत वाचतो. दुकानात मुकाट्याने टोप्या सजवणारी सोफी चेटकिणीच्या शापाने क्षणात नव्वदीची म्हातारी होते. पण सांधे कुरकुरू लागतात आणि जीभ मोकळी सुटते! नखरेल जादूगाराच्या चालत्या वाड्यात ती बेधडक शिरते, झाडलोट आरंभते, चुलीतल्या अग्निराक्षसाशी सौदा करते, खुद्द मालकाला फैलावर घेते. शेवटी जादूचे धागे जरा फारच गुंततात, हे खरे. पुढे कळते की, जादूगाराने तो शाप गुपचूप उतरवायचा प्रयत्न केला होता, उतरेना. तिलाच ते सोंग आवडले असावे, असे त्याला वाटले. मुले इथून पुढे धावतील, मी थबकलो.