पश्चिम घाटाचे दोन नकाशे

भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे पारदर्शक कागदांची चळत. एकावर जंगल, दुसऱ्यावर उतार, तिसऱ्यावर नद्या. संगणक हे कागद एकमेकांवर ठेवतो. त्यांतून एकच उत्तर कसे काढायचे, हे सांगणारा नियम म्हणजे प्रतिमान. वाद घालायला हवा तो या नियमाशी. आपण घालतो रंगांशी.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०११ च्या अहवालात घाटाचे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले. प्रदेशनिष्ठ वनस्पती, अखंड जंगल, उंची, उतार, नदीकाठची वने अशा सात निकषांवर गुण देऊन सरासरी काढली. माझा आक्षेप या सरासरीला आहे. समजा, सड्यांच्या एका चौकोनाला वनस्पतींसाठी १० पैकी १० गुण मिळाले आणि उरलेल्या सहा निकषांवर प्रत्येकी २. सरासरी ३.१. शेजारचा चौकोन सगळीकडे ४ मिळवून पुढे जातो. जगात इतरत्र कुठेही न उगवणारे फूल मागे पडते! (आपल्या निकालपत्रकातही असेच होते, पण तिथे निदान विषयवार गुण छापलेले असतात.) मात्र या गटाने आपली आखणी तात्पुरती मानली आणि अंतिम सीमा ग्रामसभांना विचारून ठरवा, असे अहवालातच म्हटले. प्रतिमान कुठे थांबते हे त्यांना ठाऊक होते.

यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये २४ मीटरपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या उपग्रह प्रतिमा वापरल्या. गाडगीळांच्या एका चौकोनात असे १ लाख ४० हजार ठिपके मावतात. पण एवढी बारीक नजर वापरून नियम ठेवला तो असा : गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील असेल, तर अख्खे गाव आत. २१ टक्केवाले गाव पूर्ण आत, १९ टक्केवाले पूर्ण बाहेर. खाणीवरचे निर्बंध याच रेषेवर ठरणार. अचूकता प्रतिमेत होती, निर्णयात उतरली नाही.

निरीक्षण म्हणजे तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करणे. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरडी कोसळल्या. दुसऱ्याच दिवशीच्या तारखेची मसुदा अधिसूचना, २०१४ पासूनची सहावी, निघाली. आधार तोच २०१३ चा अहवाल. तेव्हा २१ टक्के असलेले गाव आज १५ वर आले आहे की ४० वर गेले आहे, हे तिच्यातल्या गावांच्या यादीवरून कळत नाही.