किताब, पुरस्कार आणि नावापुढील उपाधी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व विद्याविषयक बहुमान वगळता कोणताही किताब देण्यास राज्यसंस्थेला मनाई केली आणि ‘रावबहादूर’, ‘रावसाहेब’ यांचे युग संपविले. तथापि १९५४ साली भारतरत्न व पद्म पुरस्कार निर्माण झाले. १९७७ मध्ये ते बंद पडले, १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. ते किताब होत की नव्हेत, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बालाजी राघवन यांच्या खटल्यात दिला. हे पुरस्कार किताब नव्हेत. मात्र नावाच्या मागे वा पुढे ते लावता येणार नाहीत, आणि लावल्यास ते काढून घेतले जावेत, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

सकृद्दर्शनी हा युक्तिवाद निर्दोष वाटतो. वस्तुतः अनुच्छेदाच्या पहिल्या खंडातील निर्बंध आहे तो देणाऱ्या राज्यावर, तर न्यायालयाने भर दिला तो घेणाऱ्याच्या वर्तनावर. शिवाय नावापुढे ‘पद्मश्री’ जोडतो तो बहुधा सत्कार समितीचा कार्यवाह किंवा वृत्तपत्राचा बातमीदार. दंडास पात्र ठरतो तो मात्र पुरस्कृत! अधिक समर्पक कसोटी अशी की, राज्य त्या गौरवासोबत दर्जा देते काय? पद्म पुरस्काराबरोबर धन वा सवलत नाही. भारतरत्नाच्या मानकऱ्यास मात्र राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत स्थान आहे, आणि तेथे किताब व पुरस्कार यांतील सीमारेषा पुसट होते.

हा भेद चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात विशेष स्पष्टपणे पारखता येतो. वरोऱ्याजवळील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना १९७१ मध्ये पद्मश्री व १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. नर्मदा प्रकल्पातील आदिवासींच्या विस्थापनाच्या निषेधार्थ १९९१ मध्ये त्यांनी हे सन्मान परत केले. नियमांत राष्ट्रपतींनी पुरस्कार रद्द करण्याची तरतूद आहे. परत करण्याचा विधी नाही. म्हणजे शासनाच्या दृष्टीने ही परतफेड निव्वळ निषेध ठरते. परंतु ज्या गौरवाने नागरिकाला राज्याशी बांधून ठेवले नाही, त्याला किताब म्हणणे कठीण, याचा याहून सबळ पुरावा न्यायालयाला शोधूनही क्वचितच सापडला असता. १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांनी स्वीकारला, यातही घटनाबाह्य काही नव्हते. दुसऱ्या खंडातील मनाई परकीय राज्याच्या किताबांना आहे, प्रतिष्ठानांच्या पुरस्कारांना नव्हे.

लोकांनी दिलेली बिरुदे तर अनुच्छेदाच्या कक्षेतच येत नाहीत. अहेरीच्या जमीनदार घराण्यातील व्यक्तींना लोक आजही ‘राजे’ म्हणतात. झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाले. त्याआधीच प्रेक्षकांनी त्यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ केले होते, आणि त्या उपाधीला कोणाच्याही अनुज्ञेची गरज पडली नाही.