काळ्या आजाराचा 'उपखंड' केवढा?

काळ्या आजाराच्या परजीवीवरचा हिदेओ इमामुरा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१६ साली 'ई-लाइफ' या नियतकालिकात आला. रुग्णांकडून मिळालेल्या लिश्मानिया डोनोवानीच्या २०४ नमुन्यांचा संपूर्ण जनुकीय आराखडा त्यात वाचला आहे. १९६०च्या दशकातल्या डीडीटी फवारणीने वाळूमाश्या मेल्या, परजीवी मूठभर उरला आणि पुढच्या साथी त्या मूठभरांच्या वंशजांनी आणल्या, असे हा निबंध दाखवतो. अँटिमनीचे औषध ज्या वाटेने परजीवीच्या पेशीत शिरते, ती घडवणाऱ्या जनुकात काही परजीवींमध्ये दोन अक्षरे जास्तीची आली. वाट बंद झाली आणि औषध हरले. हा बदल संकरातून इतर गटांतही पोहोचला. हे निष्कर्ष भक्कम आहेत.

आक्षेप आहे तो शीर्षकातल्या 'भारतीय उपखंड' या शब्दांवर. बहुतेक नमुने बिहार आणि नेपाळचे आहेत. हिमाचलच्या सतलज खोऱ्यात आणि श्रीलंकेत हाच डोनोवानी प्लीहेऐवजी कातडीवर व्रण उठवतो. बिकानेरच्या व्रणांमागे तर लिश्मानिया ट्रोपिका ही वेगळीच जात आहे. एका मैदानाचा इतिहास उपखंडाच्या नावे लिहिला, की उरलेले प्रदेश आपोआप अपवाद ठरतात.

दुसरी मर्यादा नमुन्यांच्या जातकुळीची. ते इलाजासाठी आलेल्या रुग्णांचे आहेत आणि प्रयोगशाळेत वाढवलेले आहेत. संसर्ग होऊनही आजारी न पडलेली माणसे आणि खुद्द वाळूमाशी या चित्रात नाहीत. प्रयोगशाळेत वाढताना परजीवीच्या गुणसूत्रांची संख्याही बदलते. वैविध्य कमी दिसले, ते कमी असल्यामुळे की आपण तेवढ्याच ठिकाणी पाहिल्यामुळे, हा प्रश्न उरतोच.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याला याचे काय? सरकारी यादीत काळ्या आजाराची राज्ये चार : बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश. महाराष्ट्र त्यात नाही. पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीच्या अँफोटेरिसिन-बी इमल्शनची एका मात्रेची चाचणी बिहारच्या रुग्णांवर झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेला घेतलेले लायपोसोमल औषध सरस ठरले. म्हणजे या पट्ट्याचा काळ्या आजाराशी संबंध आहे, तो औषधापुरता. निदानाच्या बाजूने मात्र शुकशुकाट.

या गावांच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर त्या चार राज्यांतले कामगार आहेत. लांबलेला ताप आणि वाढलेली प्लीहा घेऊन त्यांच्यातला कोणी दवाखान्यात आला, तर डॉक्टरांना आधी मलेरिया आठवणार, मग क्षय. 'गाव कोणते?' हा प्रश्न इथे निदानाचा भाग आहे. तो संशयाने विचारला तर रुग्ण गाव लपवील. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगराला हे सांगायला नको.

वाळूमाशी महाराष्ट्राला परकी नाही. तिच्यामार्फत पसरणाऱ्या चांदीपुरा विषाणूचे नावच नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून पडले आहे. म्हणून नकाशावरची कोरी जागा म्हणजे रोगमुक्त जागा, असे धरून चालणे धोक्याचे. काळ्या आजाराचा रुग्ण इथे सापडला, तर उपचाराबरोबर त्याच्या परजीवीचा नमुनाही जपून वाचला जावा. असे विखुरलेले नमुने जमतील तेव्हाच 'उपखंड' हा शब्द वापरण्याचा अधिकार या संशोधनाला मिळेल.