कर्णा आणि कान

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत ध्वनिक्षेपकांची परीक्षा कशासाठीं, असें एखादा वाचक विचारील. त्याला आमचें उत्तर इतकेंच कीं, कीर्तन, भारूड, व्याख्यान, गायन असें जें जें वाङ्मय आज महाराष्ट्र कानांनीं ग्रहण करतो, त्यांतील बहुतेक या यंत्राच्या मुखांतूनच बाहेर पडतें. ग्रंथाच्या छपाईवर आपण टीका करतों. मग या छपाईवर कां करूं नये?

प्रसंग असा घडला. समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें जांब जालना जिल्ह्यांत आहे. त्याच परिसरांतील एका लहान गांवच्या मंडळींनीं हरिनाम सप्ताहासाठीं वर्गणी काढून नवीं ध्वनियंत्रें घेण्याचें योजिलें. देवळावर बांधलेला जुना कर्णा, ज्याला गांवांत भोंगा म्हणतात, तो काढून टाकावा आणि वरातींत दिसतात तशा पुरुषभर उंचीच्या पेट्या आणाव्या, असा तरुणांचा आग्रह. वृद्धांचें मागणें साधें होतें : मागें बसलेल्या बायांना अभंगाचा शब्द कळला पाहिजे. हा वाद आमच्याकडे निवाड्यास आला. आमचें या विषयांतील ज्ञान तोकडें असल्यामुळें आम्ही मुंबईस, गोरेगांवच्या प्रदर्शन-संकुलांत भरणारें ध्वनियंत्रांचें व्यापारी प्रदर्शन ऐकण्यास गेलों.

तेथील वैभवानें प्रथम मन दबतें. काळ्या पेट्यांच्या माळा छतापासून कमानीसारख्या लोंबत असतात. अशी माळ एका उभ्या रेषेप्रमाणें वागते. त्यामुळें जवळच्या टप्प्यांत अंतर दुप्पट झालें तरी आवाज तीनच डेसिबलांनीं उतरतो, एकट्या पेटीचा सहांनीं उतरतो. पुढच्या रांगेचे कान न फोडतां मागच्या रांगेला ऐकविण्याची ही युक्ति खरोखर प्रशंसनीय आहे, आणि दहा हजारांच्या सभेला तिच्यावांचून गत्यंतर नाहीं. घरगुती श्रवणासाठीं केलेल्या यंत्रांच्या खोल्याही होत्या; तेथें गालिचे, मंद दिवे, आणि किंमत विचारली असतां विक्रेत्याचें त्याहून मंद स्मित.

परंतु वाजविलें काय जात होतें? जिकडेतिकडे तेंच : ढोलाचा खोल आघात, कांच फुटल्यासारखा झणत्कार, आणि मध्यें एखादी कुजबुजणारी परदेशी गायिका. यंत्राला जें साधतें तेंच निवडून ऐकवावयाचें, याला परीक्षा कशी म्हणावी? आपल्या चार बऱ्या कविताच सर्वत्र वाचणाऱ्या कवीसारखें हें झालें, आणि असे कवी आम्हीं पुष्कळ ऐकले आहेत. बी.बी.सी.च्या अभियंत्यांची रीत याहून प्रामाणिक होती. जिवंत मनुष्याला बोलावयास लावून त्याचा तोच आवाज यंत्रांतून ऐकावयाचा, आणि दोहोंची तुलना करावयाची. ओळखीच्या मनुष्याचा आवाज बिघडला कीं कान तत्काळ तक्रार करतो. ढोल थोडा बिघडला तर त्याला पत्ताही लागत नाहीं.

म्हणून आम्हीं एका खोलींत अब्दुल करीम खांसाहेबांची भैरवींतील ठुमरी मागितली. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, आणि एका बाजूस अवघें तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें. विक्रेता किंचित् खट्टू झाला, पण त्यानें ती लावली. त्याच्या बहुमोल यंत्रांत सुईची खरखर इतकी स्पष्ट झाली कीं, गाणें तिच्या पाठीमागें जाऊन उभें राहिलें. तबकडींत जें जें होतें तें तें यंत्र सांगत होतें; त्यांतलें मुख्य कोणतें, हें त्याला उमगत नव्हतें. शेजारच्या खोलींत दोन लहान पेट्या होत्या आणि तिकडे फारसें कोणी वळत नव्हतें. त्यांनीं खरखर बाजूस सारली, स्वर मधोमध स्थिर ठेवला, आणि आवाज जेथें अगदीं बारीक होतो तेथेंही तो तुटूं दिला नाहीं. आम्हीं ती ठुमरी तीनदां ऐकली. प्रदर्शनांतील आमची सारी मिळकत तेवढीच.

आतां भोंग्यालाही न्याय दिला पाहिजे. त्याच्या मागच्या डबींत लहानसा पडदा असतो, आणि कर्ण्याचा विस्तारत जाणारा आकार त्याची हालचाल बाहेरच्या हवेला सुलभपणें पोंचवितो. म्हणून थोड्या विजेंत मोठा आवाज निघतो व बॅटरीवरही काम भागतें. मोबदला म्हणून खालचे स्वर नाहींसे होतात. काळी एकच्या तंबोऱ्याचा षड्ज सेकंदाला सुमारें १३९ कंपनांचा, खर्ज त्याच्या निम्मा, सुमारें ६९ चा. आणि भोंगा तर ३०० च्या खालीं जवळजवळ मुका! तरी सायंकाळीं दूर शेतांत उभ्या असलेल्या मनुष्याला खर्ज लागलेला कळतो. जवारीमुळें उठणारे वरचे उपस्वर भोंगा पोंचवितो, आणि त्यांच्या परस्पर अंतरावरून मूळ स्वर कान स्वतःच रचतो. शब्दाचेंही बरेंचसें तसेंच आहे. स, श, त, क यांना वेगळेपण देणारीं वरचीं कंपनें दुर्बळ असतात. खालचा भारदस्तपणा वाढला कीं तीं झांकून जातात. तरुणांना हव्या असलेल्या पेट्या नेमका हाच भारदस्तपणा वाढवितात. भोंगा कर्कश आहे, आणि ज्याला ऐकावयाचें नाहीं त्यालाही तो ऐकवितो, हे त्याचे दोष आम्हांस मान्य आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. भोंग्याच्या छायेंतील घरांना तिचा अनुभव क्वचितच येत असेल.

आमचा निवाडा असा झाला. मोठ्या पेट्या घेऊं नयेत. मंडपाच्या खांबांना, बसलेल्या मनुष्याच्या कानाकडे किंचित् कललेले, स्तंभासारखे सहा लहान ध्वनिक्षेपक लावावे आणि प्रत्येक हळू ठेवावा. दहा मीटर जाण्यास ध्वनीला सुमारें २९ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढा विलंब मागच्या जोडीला द्यावा, म्हणजे एक शब्द दोनदां ऐकूं येणार नाहीं. वर्गणी पुरेना, म्हणून चारच आले. पहिल्या रात्रीं कीर्तनकारांनीं संवयीप्रमाणें ओरडून आरंभ केला, तों मागून एक आजी म्हणाल्या, "महाराज, हळू बोला, समदं ऐकूं येतंय." मृदंग वाजविणारे बुवा मात्र आमच्यावर रुष्ट आहेत. शेजारच्या गांवच्या पेट्यांवर डाव्या हाताचा घुमारा कसा उठतो, तें त्यांनीं ऐकलें आहे, आणि त्यांना देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.