लाल शाईचं शिक्षण : 'अप द डाऊन स्टेअरकेस'विषयी

शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला माणूस तयार कसा होतो, यावर बी.एड.ची जाडजूड पुस्तकं आहेतच. आज आम्ही ती बाजूला ठेवून एक कादंबरी घेतली आहे. बेल कॉफमन यांची 'अप द डाऊन स्टेअरकेस', १९६५ सालची. न्यूयॉर्कमधलं एक गजबजलेलं सरकारी हायस्कूल, आणि तिथे पहिल्याच नोकरीवर आलेली सिल्व्हिया बॅरेट. साहित्याचं उच्च शिक्षण घेतलेली, चॉसरमध्ये रमणारी. तिला कुणी सांगितलेलं नसतं की पहिल्या दिवशी चॉसर नव्हे, फॉर्म भरून घ्यायचे असतात.

कादंबरीत निवेदक जवळजवळ नाहीच. कार्यालयाच्या सूचना, शिपायाकरवी फिरणाऱ्या चिठ्ठ्या, मुलांनी सूचनापेटीत टाकलेले कागद, सिल्व्हियाने मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, एवढंच. शीर्षकसुद्धा अशाच एका कागदातून आलंय: उतरण्याच्या जिन्याने वर चढला म्हणून एका मुलावर झालेली तक्रार. पुष्कळ समीक्षक याला गंमतीदार तंत्र म्हणून सोडून देतात. आम्हाला ते पटत नाही. हा ढीग वाचताना वाचकच छात्राध्यापक होतो. कुठला कागद कचऱ्यात टाकायचा आणि कुठल्या कागदामागे एक पोर हाक मारतंय, हे आपलं आपल्याला ओळखावं लागतं. सराव पाठ म्हणतात तो हाच.

आता ॲलिस ब्लेकचा प्रसंग बघा. ही शांत मुलगी पॉल बॅरिंजर या इंग्रजीच्या शिक्षकावर जीव लावून बसते आणि त्याला प्रेमपत्र लिहिते. बॅरिंजर देखणा, वाक्चतुर, स्वतः लेखक व्हायची धडपड करणारा. तो काय करतो? पत्रातल्या भाषेच्या चुका दुरुस्त करतो आणि पत्र परत देतो. पुढे ॲलिस शाळेच्या खिडकीतून उडी मारते.

बॅरिंजर दुष्ट नाही, आणि इथेच कादंबरीचं खरं बळ आहे. त्याने केलं ते त्याच्या व्यवसायाने शिकवलेलंच: कागद हातात आला की चूक शोधायची. परिस्थिती अवघड झाल्यावर तो या सवयीच्या आड लपतो. इंग्रजीच्या मास्तराला बोलायचं शिकवतात, व्याकरण शिकवतात, तपासायला शिकवतात. वाईट भाषेत लिहिलेलं नीट वाचायला कोण शिकवतं?

या प्रश्नाला कॉफमनबाईंच्या आयुष्यातही धागा आहे. जन्म बर्लिनचा, बालपण ओडेसात, बाराव्या वर्षी अमेरिकेत आल्या तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. (शोलेम आलेखेम या मोठ्या यिडिश लेखकाची ही नात.) पुढे शिक्षकाच्या परवान्यासाठी तोंडी परीक्षा दिली, तर उच्चार परके म्हणून नापास. परीक्षकांनी जीभ तपासली. कान तपासायची सोय त्या परीक्षेत नव्हती.

म्हणूनच एक गोष्ट आम्हाला खटकते. मुलांच्या चिठ्ठ्यांमधलं चुकीचं स्पेलिंग कादंबरी वारंवार हशा पिकवायला वापरते. आपणही हसतो, आणि हसता हसता बॅरिंजरच्या शेजारी जाऊन बसतो. लेखिकेला हे जाणवलं असेल का, याचा पुरावा कादंबरीत आम्हाला तरी सापडत नाही. सिल्व्हिया खासगी कॉलेजची नोकरी सोडून तिथेच राहते, तो शेवटही जरा गोडच. तरी इतर 'आदर्श शिक्षक' सिनेमांपेक्षा तो बरा. तिथे एका तळमळीच्या भाषणात वर्ग सुधारतो. इथे जो फेरोनसारखा हुशार मुलगा तिच्या हातून निसटतो.

हे सगळं न्यूयॉर्कचं, आपल्याला काय त्याचं? तर महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, वर्गात तिसरी, असं पोर समोर असतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, शाळेतल्या अनुभवाला किमान वीस आठवडे दिले. चांगलंच झालं. पण त्या आठवड्यांत बघतात काय? पाठ टाचण झालं का, फलक लेखन कसं आहे, शैक्षणिक साधन आणलंय का. निरीक्षक मागच्या बाकावर बसून शिक्षकाकडे बघतो. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा समोर ठेवून 'यातल्या कुठल्या मुलाला काहीतरी सांगायचंय, ते शोधा' असा गुणांचा प्रश्न आमच्या बघण्यात नाही.

कादंबरीत होजे रॉड्रिग्ज नावाचा मुलगा आहे. सूचनापेटीत तो चिठ्ठ्या टाकतो त्या निनावी, खाली फक्त 'मी'. वर्गात खोटा खटला चालवतात तेव्हा त्याला न्यायाधीश करतात, आणि हा गप्प मुलगा एकदम अधिकाराने बोलायला लागतो. पुढच्या चिठ्ठीवर त्याचं पूर्ण नाव असतं. सिल्व्हियाने त्याचं व्याकरण सुधारलेलं नसतं. त्याच्या आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या मात्र तिने वाचलेल्या असतात.