क्रुसावर कोणाचा देह?

ख्रिस्ती हिप-हॉपविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. रस्त्यावरच्या या गाण्याने देवाचे नाव बाटवले, हे एक. देवाच्या नावाने या गाण्यातला विद्रोह बोथट केला, हे दुसरे. दोन्ही मते गाण्याच्या शब्दांपाशीच थांबतात. ही श्रद्धा कोणाच्या बाजूने उभी आहे हे ठरवायचे तर अल्बमचे मुखपृष्ठही वाचले पाहिजे. तेथे क्रूस आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्या क्रुसावर कोणाचा देह आहे, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतील प्रस्थापित चर्चने हा देह गोरा करून टाकला. वॉर्नर सॉलमनने १९४० साली रंगवलेला उजळ कांतीचा, पिंगट केसांचा येशू कोट्यवधी प्रतींनी घराघरांत पोचला. त्याच देशात १८७७ ते १९५० या काळात चार हजारांहून अधिक काळ्या माणसांना जमावाने ठार मारले. कित्येकांना झाडाला लटकावले. जेम्स कोन या काळ्या धर्मचिंतकाने 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' (२०११) या ग्रंथात क्रूस आणि ते झाड शेजारी ठेवले. गोऱ्या धर्मपंडितांना हे साम्य दिसू नये, याचा त्याने जाब विचारला.

कोनचा हा ग्रंथ येण्यापूर्वीच एका मुखपृष्ठाने या प्रश्नाला हात घातला होता. टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी गोळीबारातील जखमांनी मरण पावला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये 'मकावेली' या नावाने त्याचा अल्बम आला. रोनाल्ड ब्रेंटच्या त्या चित्रात काटेरी मुकुट घातलेला टुपाक स्वतः क्रुसावर आहे आणि क्रुसावर अमेरिकेतील शहरांचा नकाशा आहे. टुपाक काही ख्रिस्ती रॅपर म्हणून ओळखला जात नव्हता. पण वधस्तंभ यरुशलेमेत नाही, काळ्यांच्या वस्त्यांत आहे, हे या चित्राने सांगितले. त्यात स्वतःला देवत्व देण्याचा मोह आहे, हेही नाकारता येत नाही. हिंसेचा बळी आणि हिंसेचा गौरव करणारा, दोघे एकाच देहात आहेत.

याउलट लक्रे हा चर्चने मान्य केलेला रॅपर. २००४ साली त्याने 'रीच रेकॉर्ड्स' ही संस्था सहकाऱ्याबरोबर उभी केली. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याचा 'अ‍ॅनॉमली' अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिला आला आणि गॉस्पेलच्या यादीतही. तो व्यक्तीच्या पापाविषयी आणि तारणाविषयी गात होता तोवर गोऱ्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये पोलिसाने मायकेल ब्राऊनला ठार मारले. त्यावर लक्रे बोलू लागला, तेव्हा हेच श्रोते बिथरले. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी त्याने कापूस वेचणाऱ्या गुलामांचे छायाचित्र लोकांसमोर ठेवले, तेव्हाही गहजब झाला. २०१७ मध्ये त्याने गोऱ्या इव्हँजेलिकल पंथाशी काडीमोड घेतल्याचे सांगितले, ख्रिस्ताशी नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. व्यक्तीचे पाप मोजणारे चर्च व्यवस्थेचे पाप मोजायला तयार नसते.

२०२२ साली केंड्रिक लामारच्या 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स'वर काटेरी मुकुट पुन्हा आला. साधी खोली, कडेवर मूल, कमरेला पिस्तूल, मागे पलंगावर तान्ह्याला घेतलेली बाई. त्याच अल्बममध्ये केंड्रिक आपण कोणाचे तारणारे नाही, असे बजावतो. मुकुट घालायचा आणि तारकपद नाकारायचे, हा अंतर्विरोध प्रामाणिक आहे. परंतु तो मुकुट टिफनी या जवाहिऱ्याच्या पेढीने घडवला आहे आणि त्यात आठ हजारांहून अधिक हिरे आहेत. ज्या काट्यांनी रक्त काढले, ते आता बाजारात चमकतात. आणि ती बाई? टुपाकच्या चित्रात तिला जागाच नव्हती. येथे ती आहे, पण मागे. यातनेचे प्रतीक अजून पुरुषाच्याच मालकीचे आहे.

१९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. काळ्यांचे साहित्य आपण आस्थेने वाचत आलो. ही मुखपृष्ठेही त्याच आस्थेने, पण भाबडेपणा सोडून वाचली पाहिजेत. प्रतीक शोषिताने हातात घेतले एवढ्याने ते मुक्त होत नाही. चर्च त्याला सौम्य करते, बाजार त्याला दागिना करतो. त्यावरचा देह कोणाचा, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.