यतिस्थान आणि फलाट

ग. दि. माडगूळकरांच्या अगीनगाडीच्या गीतातील मूल मामाच्या गावी निघालेले प्रवासी असते. जपानच्या ‘ताइतो’ कंपनीच्या ‘देन्शा दे गो!’ (१९९६) या खेळात खेळणारा स्वतःच मोटरमन होतो. मात्र हे स्थित्यंतर स्वातंत्र्याकडे नेते असे मानणे घाईचे ठरेल. दिशा रुळांनी आधीच ठरवलेली. चालकाच्या हाती उरतो वेग आणि ब्रेक. फलाट येण्यापूर्वीच ब्रेक लावून गाडी वेळेवर, नेमक्या खुणेपाशी उभी करणे ही खरी कसोटी. खूण ओलांडली की दंड. त्यामुळे या खेळाचे नाते मोटारशर्यतीपेक्षा वृत्तबद्ध रचनेशी अधिक जवळचे आहे. तेथेही यतिस्थान पूर्वनिश्चित असते. रसिकाचे कुतूहल असते ते कवी तेथवर कसा पोहोचतो याविषयी. कथानकाच्या अभावी असे खेळ साहित्यविचाराबाहेर ठेवणाऱ्यांनी ही लय विचारात घेतलेली दिसत नाही.